काट्यावर

दवाखान्यातला काटा दीडशेला संपतो.
म्हणून सेमिसीला आम्ही धक्क्यावर नेलं,
जिथे कंदांच्या गोण्या तोलून बोटीत चढवतात.
लोखंडी पत्र्यावर तो चपला काढून उभा राहिला,
जणू कुणाच्या घरात शिरतोय.
हमाल ओरडला, "ही गोणी कुणाची? मालकाचं नाव लिहिलेलं नाही!"
सगळे हसले. सेमिसी सगळ्यांत मोठ्यानं.
काटा थरथरला, एकशे अडुसष्टवर टेकला.
कपड्यांचं एक किलो वजा करून
मी लिहून घेतलं.

टोंगा, हापाई बेटं, पांगाई गाव. नोंद क्रमांक एकोणसाठ.
प्रश्न साधा आहे, पैसे देणाऱ्यांच्या भाषेत:
वीस वर्षांपूर्वी रग्बी खेळताना ज्यांचा गुडघा गेला
त्यांचं हृदय आज कसं आहे.
गुडघा माणसाला थांबवतो.
थांबलेल्याला चरबी गाठते.
तिला छातीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात
एवढंच मोजायचं.

डाव्या कुशीवर वळताना टेबल कण्हतं.
मी त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवते, न विचारता.
"गार आहे," तो म्हणतो. जेल सगळ्यांनाच गार लागतं.
पडद्यावर झडप उघडते, मिटते, उघडते.
"हा मी?"
"हा तू."
"खडकातल्या मोठ्या शिंपल्यासारखं दिसतंय.
हात घातला तर सोडायचं नाही."

डाव्या कप्प्याची भिंत चौदा मिलिमीटर.
दहाच्या आत हवी.
हृदय मोठं झालंय असं सांगितलं तर तो खूश होईल,
आमच्याकडे मोठ्या मनाचा म्हणजे शूर.
म्हणून मी म्हणते, "भिंत जाड झालीय."
"घर भक्कम आहे तर," तो म्हणतो.

प्रश्न सातवा: दुखापत कशी झाली?
"टॅकल." आणि तो छताकडे बघत राहतो.
कुणी केला, हे फॉर्मवर विचारलेलं नाही.
मी तिथे होते. सतरा वर्षांची,
मैदानाच्या कडेला शहाळी विकत.
आवाज ऐकला होता मी:
ताणलेला ओला दोर तुटावा तसा.
आणि त्याच्या अंगावरून उठला माझा भाऊ,
किटिओने, दोन्ही हात आभाळात.
त्याच संध्याकाळी ऑकलंडहून आलेल्या माणसानं
त्याच्यापुढे सहीसाठी कागद ठेवला.

इकडे पाय फळीला बांधून
सेमिसी चार दिवस बोटीची वाट बघत होता.
पुढे त्यानं दुकान टाकलं.
बाहेरून गोठून येणारे मेंढीचे चरबट तुकडे
करवतीनं कापायचे, विकायचे,
उरतील ते घरी न्यायचे.
खाल्लेलं अंगी लागत गेलं.

किटिओने धावत राहिला.
दोन्ही गुडघे शेवटपर्यंत शाबूत.
एकेचाळिसाव्या वर्षी, तिकडच्या एका सिग्नलला,
दिवा हिरवा झाला तरी त्याची गाडी हलली नाही.
इंजिन चालू होतं.
मागच्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवले म्हणे.
तो आमच्या नमुन्यात बसत नाही.

त्याची पेटी बोटीनं आली तेव्हा
सहा जणांना ती पेलेना.
धक्क्यावरच्या गर्दीतून सातवा पुढे आला,
लंगडत,
आणि उजवीकडच्या कोपऱ्याखाली शिरला.
तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं.
मीही नाही.

छातीवरचं जेल मी पुसून घेते.
"उद्यापासून चालायचं. धक्क्यापर्यंत आणि परत."
"तो हमाल पुन्हा मालक विचारेल."
"सांग माझं नाव."
तो हसतो, मग धाप लागून थांबतो.

एक प्रश्न राहिलाय, बारावा:
आणखी कुठे दुखतं?
"उजवा खांदा."
कधीपासून?
"तीन वर्षं झाली असतील." तो सदऱ्याची बटणं लावतोय,
माझ्याकडे न बघता, खालून वर.

कारणाच्या रकान्यात मी लिहिते:
वजन उचलल्याने.